ओट्याची उंची

शेणवा, ता. शहापूर
२ फेब्रुवारी २०२५

चि. संघरत्ना हिस,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस. रत्नदीपचा उचलत नाहीस ते तुम्हा नवरा-बायकोचं तुम्ही पाहा, पण सासऱ्याचाही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. एकतीस वर्षं मी या भागात लोकांचं टपाल वाटलं, स्वतः मात्र कुणाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा अक्षर आणि मजकूर दोन्ही सांभाळून घे. पत्र नको असेल तर तुमच्या पोस्टमनला तसं सांग. तो पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहील आणि ते मला परत येईल. तसा नियम आहे.

कळवायचं एवढंच की स्वयंपाकघराचं काम काढलं आहे. त्यात तुझी भांडी आहेत, म्हणून तुला कळवणं भाग आहे.

तू म्हशाच्या जत्रेला म्हणून तिथे माहेरी गेलीस. जत्रा उठली, बैलवाले गेले, पाळणेवाले गेले, तू आली नाहीस. रत्नदीप न्यायला आला तर त्याला म्हणालीस, 'ओटा झाला की बघू.' यातला 'बघू' तू मुद्दाम घातलास की सहज आला, ते मला माहीत नाही. त्या सकाळी तुझं आणि तुझ्या सासूचं जे झालं त्यात माझा काही संबंध नव्हता. मी फक्त तिथे बसलो होतो. हे लिहून ठेवलेलं बरं.

आठ बाय सातची खोली. जयराम मिस्त्री म्हणाला, "बाबा, हप्त्याचं काम हाय." आज दहावा दिवस, आणि त्याने आतापर्यंत फक्त तोडलं आहे. तोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. चूल गेली, मोरीचा कठडा गेला, खिडकीखालचा गिलावा कुणी न सांगता आपणहून गेला. मधेच त्याच्या साडूच्या घरी हळद होती, मग लग्न होतं, मग लग्नाचा थकवा होता. तुझी सासू पडवीत तीन दगड मांडून रांधते. मी जिथे बसेन तिथे धूर येतो. वारं तसं आहे, असं ती म्हणते.

जेवणाबद्दल न बोललेलं बरं. कालवणाला चव नाही, बोंबलाला चव नाही. एकदा धीर करून विचारलं, "मसाला कमी पडला का गो?" तर म्हणाली, "तुमची जीभ म्हातारी झाली." त्यानंतर मी जीभ वापरलीच नाही, ना चवीला ना बोलायला.

रत्नदीप कंपनीतून येतो, जेवतो, झोपतो. काही विचारलं की म्हणतो, "मी मधे पडत नाय." हा गुण त्याने कुणाचा उचलला ते तू मला विचारू नकोस.

बाकी ठीक. कंबर कशी आहे?

तुझा सासरा,
बुधाजी

शेणवा
१३ फेब्रुवारी २०२५

चि. संघरत्ना हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र परत आलं नाही. म्हणजे घेतलंस. वाचलंस की नाही याची पोच टपालखातं देत नाही.

काम पुढे सरकलं आहे, पण कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात जयरामने विटा रचायला घेतल्या आणि मला हाक मारली. "बाबा, घरात रांधतं कोन? त्या बाईला हितं उभी करा. कोपरापासून खाली एक वीत, तिथं ओटा. माझ्या बापानं शिकवलेलं माप हाय, आजून चुकलं नाय."

मी तुझ्या सासूला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "मी काय मढं हाय, माप घ्यायला?" आणि सूप घेऊन चिंचेखाली जाऊन बसली. ओटा नको म्हणून तिने जे तोंड फिरवलं आहे ते अजून फिरवलेलंच आहे.

जयरामने विचारलं, "आन सून?"

म्हटलं, "माहेरी आहे."

"कवा येनार?"

"ओटा झाला की."

"मंग माप कोनाचं घ्यायचं?"

माणूस कामापेक्षा प्रश्न जास्त करतो. मी सांगून टाकलं, दोघी सारख्याच उंचीच्या आहेत. सात वर्षं चुलीपुढं दोघींची पाठमोरी डोकी मी शेजारी शेजारी पाहिली आहेत, एका रेषेत. दुपारी तुझी सासू दारात उभी राहून कोंबड्या हाकलत होती, तेव्हा मी हळूच मागे जाऊन चौकटीवर तिच्या कोपरापाशी खडूने खूण केली. खाली एक वीत सोडून जयरामने टेप लावला. एकोणतीस इंच. तिला पत्ताही लागला नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग शहापूरहून कडप्पा आला. मोरी डावीकडे आणि सिंकचं भोक उजवीकडे. दगड फिरवला तर गोल केलेली कड भिंतीकडे जाते, उलटा केला तर पॉलिश खाली जातं. मी दुकानदाराला फोन करून चांगला फैलावर घेतला. त्याने शांतपणे माझाच कागद मला फोनवर पाठवला. चित्र मीच काढून दिलं होतं. आपण दारातून आत येतो, आणि मी चित्र काढलं ते पडवीतल्या माझ्या खुर्चीवरून, खिडकीतून जसं दिसतं तसं. मला तिथूनच दिसतं, त्याला मी काय करू?

दुसरा दगड आणावा लागला. पहिला आता अंगणात आहे. तुझी सासू त्यावर वाल वाळत घालते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या ह्यांनी वालासाठी खास कडप्पा आनला."

टाइल्स रत्नदीपने पसंत केल्या. दर चौथ्या टाइलवर वाफाळत्या कपबशीचं चित्र आहे.

तुझं काही उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं नाही.

बुधाजी

शेणवा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. संघरत्ना,
जयभीम.

हे पत्र मी तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे. पुरं वाच.

ओटा झाला. सोमवारी दगड बसला, पाणी ओतून पाहिलं, ढाळही बरोबर मोरीकडे निघाला. मला वाटलं, सुटलो. मग भिंतीला टाइल्स लावायच्या म्हणून जयराम म्हणाला, "बाबा, वरची फळी रिकामी करा." फळीवर काय होतं ते तुला माहीत आहे. तुझी मसाल्याची बरणी. गेल्या मे महिन्यात तू आणि तुझ्या सासूने मिरच्या भाजल्या होत्या आणि सगळी आळी शिंकत होती, तो मसाला.

मी हात वर केला, पोचला नाही. स्टूल घ्यायला वळलो तर तुझी सासू मागे उभी.

"हात लावू नका."

म्हटलं, "अगो, फळी काढायची आहे."

"ती ठेवून गेली, ती काढील."

मी म्हटलं, "मसाला वर आणि आपण दीड महिना बेचव खातोय? तुझा हात पोचत नाही तर मला सांगायचं होतंस, रत्नदीपला सांगायचं होतंस." मीच पुढे बोलून गेलो, "आणि तिने तरी स्टुलावर चढूनच ठेवली असेल ना?"

तशी ती माझ्याकडे पाहायला लागली. मी मूर्खासारखं काही बोललो की ती जशी पाहते तशी. म्हणाली, "तिला स्टूल कशाला लागंल? ती काय माझ्याएवढी हाय? टाचासुदिक उचलत नाय ती."

जयरामच्या हातातली थापी थांबली. तो एकदा ओट्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, तुमी तर सारख्या म्हनालात."

मी घरात जाऊन लग्नाचा अल्बम काढला. विहारात तुम्ही दोघं खुर्चीवर. जेवताना पाटावर. पाहुण्यांबरोबर परत खुर्चीवर. शेवटून दुसऱ्या पानावर एकच फोटो सापडला. गाडीत बसण्याआधी तू रत्नदीपच्या शेजारी उभी आहेस आणि तुझं डोकं त्याच्या कानाच्या वर आलं आहे. रत्नदीप पाच फूट नऊ इंच. तो फोटो मी सात वर्षांत कितीतरी पाहुण्यांना दाखवला असेल.

संघरत्ना, मी तुला उभी पाहिलेलीच नाही. खाली बसलं की तुम्ही दोघी सारख्या, आणि मी आत डोकावायचो तेव्हा तू चुलीपुढं बसलेली असायचीस. मी आलो की उठून, वाकून मागच्या दाराने जायचीस. सात वर्षं माझ्या घरात तू बसलेली किंवा वाकलेली होतीस, आणि त्यावरून मी तुझं माप दिलं.

आता त्या सकाळचं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की माझा संबंध नव्हता. ते खोटं आहे. शहापूरच्या डॉक्टरांचा कागद तू आधी माझ्याकडे दिला होतास. मी वाचला. मणक्याची गादी सरकली आहे, जमिनीवर बसून काम करायचं नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. वाचून मी त्याची घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्या सकाळी तुझी सासू म्हणाली, "मी चाळीस वर्सं बसून रांधलं, माझी नाय मोडली कंबर." तेव्हा तू तिच्याशी भांडली नाहीस. तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमी सांगा." कागद माझ्या खिशातल्या डबीत होता. आणि मी म्हटलं, "बघू."

तू ओटा मागत होतीस ती तीन वर्षं मी तेच म्हणत होतो. पावसानंतर बघू, भात झोडल्यावर बघू, जयंती झाली की बघू. गेल्या जयंतीला विहारात मी स्त्री-पुरुष समानतेवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. तेव्हा तू मागे बसून साठ माणसांची भाजी चिरत होतीस. ते भाषण मी स्वतःच लिहिलं होतं याची मला आता लाज वाटते.

माझा राग जयरामवर नव्हता, दुकानदारावर नव्हता, तुझ्या सासूवर तर मुळीच नव्हता. एवढं कळायला मला एक ओटा चुकीचा बांधावा लागला.

सोबत कार्ड जोडलं आहे. माझा पत्ता लिहिला आहे. ओटा किती उंचीचा हवा तेवढा आकडा लिही आणि पेटीत टाक. बाकी काही लिहू नकोस हवं तर. आकडा आला नाही तर मी समजेन. पण आधीच्या दोन पत्रांतलं एकही परत आलेलं नाही. एकतीस वर्षं टपाल वाटल्यावर, परत न येणाऱ्या पत्राचा अर्थ मला थोडा तरी कळतो.

बुधाजी

शेणवा
९ मार्च २०२५

चि. संघरत्ना,
जयभीम.

कार्ड मिळालं. 'चौतीस इंच. कडप्प्यासकट.' ना जयभीम, ना सही. एवढं कोरडं कार्ड मी नोकरीत कुणाच्या हातात दिलं नसेल. पण 'कडप्प्यासकट' हे बरं लिहिलंस. जयराम विटांपर्यंतच मोजणार होता, दगड वर गेला असता आणि मी पुन्हा त्याच्याशी भांडलो असतो.

पोस्टमनने कार्ड देताना वाचलं होतं. तो म्हणाला, "काका, हे काय, लग्नाचं माप का?" मी त्याला नियम सांगितला की दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नसतं. मी स्वतः तो किती पाळला ते त्याला माहीत नाही म्हणून बरं.

तुझ्या सासूपुढं ठेवलं. साक्षरता वर्गात शिकल्यापासून ती बोट ठेवून वाचते. वाचलं. "उंटीन हाय," म्हणाली. कार्ड परत दिलं नाही.

मी जयरामला सांगितलं, सगळं तोड. त्याने डोक्याला हात लावला. "बाबा, मी ओटे बांधतो, तुमी मला तोडायलाच ठेवलाय." पहार मात्र लगेच घेतली. पहिला घाव घालणार तेवढ्यात तुझी सासू आत आली.

"सगळा कशाला तोडता?"

म्हटलं, "तुला नकोच होता ना?"

ती म्हणाली, "मोरीकडचा ऱ्हाऊ द्या. तिकडचा तोडा."

मी विचारलं, का? जयरामने वाकून दगडावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. पीठ होतं. नाचणीचं. कडेला, खाचेत, चांगलं मुरलेलं. म्हणजे मी आणि जयराम दुपारचे पडवीत आडवे झालो की ही बाई आत येऊन उभ्याने भाकऱ्या थापत होती. किती दिवस, कुणास ठाऊक.

"गुडघं धरत न्हाईत उभ्यानं," एवढंच म्हणाली, आणि ते सुद्धा खिडकीकडे पाहून. संघरत्ना, तिचे गुडघे धरतात हेही मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत कंबर मोडली नाही असं सांगणाऱ्या बाईने गुडघ्यांचं कधी काढलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. या घरात बायकांचं काय दुखतं हे मला मिस्त्रीकडून कळतं.

तर आता असं ठरलं आहे. ओट्याला पायरी. मोरीकडे एकोणतीस, खिडकीकडे चौतीस. जयराम म्हणतो, असा ओटा शहापूर तालुक्यात नाही. लोक हसतील, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

बुधाजी

शेणवा
२३ मार्च २०२५

चि. संघरत्ना,
सप्रेम जयभीम.

काम संपलं. हप्त्याचं काम दोन महिन्यांत झालं. जयराम जाताना म्हणाला, "बाबा, पुन्यांदा काय काढाल तर दुसरा मिस्त्री बघा." चहा मात्र दोनदा घेतला. आळीतल्या बाया ओटा पाहून गेल्या. हसल्या. शेजारची बारकी हसली आणि दुसऱ्या दिवशी टेप मागायला आली.

एक गोष्ट राहिली होती, ती सांगतो. गॅस कुठे ठेवायचा. जयरामने तोंडात तंबाखू धरून विचारलं, "शेगडी खालच्या बाजूला का वरच्या?" शेगडी जिथे असेल, तिथेच रांधणारी. खाली ठेवली तर घर पूर्वी होतं तसं. वर ठेवली तर तुझ्या सासूचा हात पातेल्यात नीट पोचणार नाही. रत्नदीप म्हणाला, "मी मधे पडत..." आणि त्याचं त्यालाच वाटलं काहीतरी, तो थांबला. मी बोलायला तोंड उघडलं. माझ्या तोंडातून 'बघू' निघणार होतं. देवाशपथ म्हणायची आपल्यात रीत नाही, पण खरं सांगतो, तोच शब्द ओठावर आला होता. मी म्हटलं, "वर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "वर ठेव. संघरत्नाच्या बाजूला."

मला वाटलं, आता भांडण. पण तुझी सासू म्हणाली, "मंग मी काय येगळं सांगनार व्हते? मला का जलमभर रांधायचंय?" आणि स्वतः शेगडी उचलायला गेली. रत्नदीपने ती तिच्या हातातून घेतली.

आता हे नीट समजून घे. ओटा झाला म्हणजे तू येऊन रांधावंस, असं माझं म्हणणं नाही. चौतीस इंचाला रत्नदीपचा हातही बरोबर बसतो. हे जयरामच्या लक्षात आलं, आमच्या कुणाच्या नाही. गेल्या रविवारी रत्नदीपने डाळ केली. आम्ही खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतं. कालच्या खेपेला मीठ होतं. काल मी स्वतः खालच्या बाजूला उभा राहून कांदे चिरले. चार कांद्यांना पाऊण तास लागला आणि तुझी सासू दारात बसून पाहत होती. सहासष्टाव्या वर्षी कांद्यामागे उभं राहिलं की घराची खिडकी आतून दिसते. माझी खुर्ची तिथून स्वच्छ दिसते. मी ती आता पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली आहे.

डॉक्टरांचा कागद चष्म्याच्या डबीतून काढला. घड्या पडून फाटायला आला होता. रत्नदीपकडून प्लॅस्टिकचं कव्हर करून घेतलं आणि ओट्यावरच्या भिंतीला लावला आहे, कपबशीच्या टाइलवर. येणारा-जाणारा वाचतो. वाचू दे.

त्या सकाळी तू मला विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. ते आता देतो, उशिरा. तुझं बरोबर होतं, संघरत्ना. तुझ्या सासूचं, भीमाबाईचं चुकलं आणि तिच्याहून जास्त माझं चुकलं. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. रत्नदीप रविवारी म्हशाला येईल. तो या वेळी काही विचारणार नाही, नुसता तुझ्याशी बोलायला येईल. मी त्याला तसं सांगितलं आहे. तू नाही म्हणालीस तरी हा ओटा पुन्हा कुणी तोडणार नाही.

फळी जयरामने नव्या टाइल्सच्या वर बसवून दिली. आधीच्याच उंचीला, कारण तुझ्या सासूने ती खाली घेऊ दिली नाही. जेवण अजून बेचवच आहे. मी तक्रार करत नाही.

खाली तुझ्या सासूला काही लिहायचं आहे म्हणून जागा सोडली आहे. मला बाहेर जायला सांगते आहे.

तुझा,
बाबा

संगरत्ना
बरनी वरच हाय. फळी पुसताना बी आमी हालवली नाय, फकस्त फळी काढली तवा जयरामानी धरली आन परत तितंच ठेवली. मसाला आर्धा हाय. नवा करायच्या आदी हा सपवाया पायजे. माजा हात पोचत नाय.
भीमाबाई